बाविसावं नाव

“बाई, माझं नाव कवा येणार?”

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. पोरं दप्तरं पाठीला मारून केव्हाच पांगली होती आणि सारजा तेवढी माझ्या टेबलाला टेकून उभी होती. तिच्या हातात त्या आठवड्याची वर्गवार्ता होती. कागद तिनं उलटा धरला नव्हता, हे आधी सांगते. कागदाची वरची बाजू कुठली हे सारजाला पक्कं ठाऊक असायचं. त्यावर लिहिलंय काय, तेवढंच ठाऊक नसायचं.

“येईल गं,” मी म्हटलं. “वाचायला लागलीस की येईल.”

“एकवीस झाली. माझंच ऱ्हायलं.”

“तुला कोणी सांगितलं?”

“मोजली की मी. एका खाली एक हायेत न्हवं?”

मी हजेरीपुस्तक मिटलं आणि म्हटलं, “पळ आता, आई वाट बघत असेल.” ती गेली. जाताना कागदाची चार पदरी घडी घालून तिनं परकराच्या कमरेला खोचली.

ही वर्गवार्ता म्हणजे माझं खूळ. तेव्हा मी तांबजाईच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर होते, पट बावीस. वय एकतीस, अंगात उत्साह नुसता उतू जात होता. दर शुक्रवारी संध्याकाळी खोलीवर बसून मी एका फुलस्केपवर आठवड्याची बातमी लिहायची. चार कार्बन घालायचे, म्हणजे एका दमात पाच प्रती. असं पाच वेळा लिहिलं की बावीस घरांच्या बावीस, एक डेअरीला, एक मुख्याध्यापकांना आणि सगळ्यात खालची पुसट प्रत माझ्या फाइलला. त्यात काय असायचं? या आठवड्यात काय शिकलो. कोणी झाडाला पाणी घातलं. कोणाचा दात पडला. ‘घरी विचारा’ असा एक चौकोन असायचा: आपल्या गोठ्यात एकूण पाय किती, शिंगं किती. आणि शेवटी एक यादी, ‘वाचणारी मुले’. जून महिन्यात त्या यादीत सहा नावं होती. दर आठवड्याला एखाददुसरं वाढायचं, आणि ज्याचं वाढायचं त्याच्या घरी त्या दिवशी गोडधोड व्हायचं, असं मला पोरं सांगायची. मला वाटायचं, वा, काय पण युक्ती काढली मी.

तांबजाईत निम्म्या घरांत वाचणारं माणूस नव्हतं. त्यामुळं गावानं आपोआप एक रीत पाडली होती. शनिवारी संध्याकाळी दूध घालायला सगळं गाव डेअरीवर जमायचं. दुधाची फॅट मोजून होईस्तोवर माणसं किटल्या घेऊन खोळंबलेली असायची. तेव्हा डेअरीचे सेक्रेटरी मुरलीधरआप्पा खुर्चीवर उभे राहून वर्गवार्ता मोठ्यानं वाचायचे. यादीतलं नवं नाव आलं की टाळ्या. मी त्या वेळेला बरोबर अर्ध्या लिटर दुधाचं निमित्त काढून तिथं हजर. दूध सकाळीही मिळत होतं, पण सकाळी माझा कागद कोणी वाचत नव्हतं.

आता सारजाचं सांगते. पोरीची स्मरणशक्ती म्हणजे कहर होती. धडा एकदा कानावरून गेला की तिला अख्खा पाठ. वर्गात पोरं साखळीनं वाचत असली की तिची पाळी येईस्तोवर चार पोरांनी तोच धडा वाचलेला असायचा, मग ही उभी राहून घडाघडा म्हणायची. पहिली-दुसरी तिनं तशीच काढली. मीसुद्धा दिवाळीपर्यंत फसले. यादीत नाव घालण्याआधी मी प्रत्येक पोराला नवे शब्द वाचायला लावायची. दिवाळीनंतर सारजाची पाळी आली तेव्हा मी फळ्यावर चार नवे शब्द लिहिले आणि तिला वाचायला सांगितलं, तर ती फळ्याकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मी एकेक अक्षर विचारलं. तिला दहा-बारा अक्षरं यायची, त्यातही ‘घ’ आणि ‘ध’ एकच. त्या दिवशी मला तिची दया आली आणि रागही आला. राग माझाच मला यायला हवा होता, तो तिचा आला.

शिकवायला मी सुरुवात केली होती. मधल्या सुट्टीत अर्धा तास. ती शिकतही होती, पण अक्षराची गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली होती. उन्हाळ्यापर्यंत वाचली असती. हे मी आज बोलत नाही, तेव्हाही मला माहीत होतं.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी तिची आई शाळेत आली. इंदूताई. सडपातळ बाई, एका म्हशीवर आणि दुसऱ्याच्या रानातल्या भांगलण-खुरपणीच्या मजुरीवर घर चालवणारी. दारातच चपला काढून आत आली आणि बाकावर न बसता भिंतीला टेकून खाली बसली.

“वर बसा की, इंदूताई.”

“ऱ्हाऊ द्या. सारजीचं कसं काय हाय, बाई?”

“हुशार आहे पोरगी. पाठांतर तर असं आहे की...”

“ते ऱ्हाऊ द्या वो. वाचती का?”

मी म्हटलं, “येतंय हळूहळू. अजून दोन-तीन महिने लागतील.”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. “तिच्या आत्याला पोरगं झालंय इचलकरंजीला. नवरा-बायको दोघं बी कामावर जात्यात. पोरगं सांभाळाय सारजीला मागत्यात. दोन म्हैनं झालं मी नगं नगं म्हणतीया. पर आमचं मालक दर शनवारी डेरीवर उभं असत्यात. सगळ्यांच्या पोरांची नावं ऐकत्यात आन् घरी येऊन मला म्हणत्यात, तुझी लेक शाळंत काय उजेड पाडतीया ते कळलं गावाला. येत्या आईतवारी नेऊन सोडतो म्हणत्यात.”

“मी बोलू का त्यांच्याशी?”

“तुमचं ऐकून घेतील आन् आपलंच करतील.” मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “बाई, एकदा तिचं नाव कागदात येऊ द्या. एकदाच. मला बोलाय तोंड मिळंल. तेवढं झालं की मी तिला न्हाई पाठवत, मग काय बी होऊ द्या.”

“अहो, पण खोटं कसं लिहू?”

“खोटं कुठं? वाचंलच की ती. तुमीच म्हणालासा, दोन म्हैन्यांनी. दोन म्हैनं आधी लिवायचं, बास.”

मी ‘बघते’ म्हटलं. इंदूताई उठली, चपला हातात घेतल्या आणि फाटकाबाहेर जाऊन पायांत घातल्या.

मी जे केलं ते इंदूसाठी केलं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला बजावत आले. त्याच दिवशी दुपारी जगदाळे गुरुजी, आमचे मुख्याध्यापक, माझ्या वर्गात आले होते ते मी त्यात सांगत नसे. तालुक्यात तेव्हा वाचनाची मोहीम जोरात होती. पुढल्या सोमवारी केंद्रप्रमुख साहेब तपासणीला येणार होते. ज्या वर्गातली सगळी मुलं वाचतील त्या वर्गशिक्षकाचा पंचायत समितीत सत्कार, आणि त्याची वर्गवार्ता, हो, माझीच वर्गवार्ता, तालुक्यातल्या सगळ्या शाळांना नमुना म्हणून द्यायची असं ठरत होतं.

“एकवीसवर किती दिवस बसणार, बाई?” गुरुजी म्हणाले. “साहेब पोराला एक पान वाचायला लावतात, दुसरं काय करतात? पान तुमचं, पोर तुमचं. मी काय बोलतोय ते तुम्हाला कळतंय.”

मला कळत होतं. इंदूचं गाऱ्हाणं आयतंच हाताशी आलं होतं. पुण्याचं पुण्य आणि सत्काराची शाल. चांगुलपणाच्या पदराआड लबाडी झाकायला मिळाली की माणसाला किती हलकं वाटतं म्हणून सांगू.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मी सारजाला अक्षरं शिकवली नाहीत. पुस्तकातला कुंभाराचा धडा काढला. तो तिला केव्हाचाच पाठ होता.

“आता बोट ठेव ओळीखाली. मी म्हणते तसं सरकव. ‘टेकडीखाली एक कुंभार राहत होता.’ इथं ओळ संपली. थांब, श्वास घे, बोट खाली आण. हां. ‘त्याच्याकडे एक गाढव होते.’”

दोन दिवसांत बोट असं सरकायला लागलं की बघणाऱ्यानं म्हणावं, काय पोरगी वाचते. एकच अडचण होती. ती वाऱ्यासारखी म्हणायची. तिसरीतलं पोर तसं वाचत नाही, साहेबांना लगेच वास लागला असता.

“हळू म्हण जरा,” मी गुरुवारी तिला सांगितलं. “आणि हे बघ, ‘चिखल तुडवायला’ येतं ना, तिथं अडखळायचं. तु... तुड... तुडवायला. असं.”

“का वो बाई? मला तर येतंय.”

“वाचणारी माणसं अडखळतात.”

तिनं विचार केला. “मग हे वाचणं हाय का?”

“हो. सुरुवात अशीच होते.”

“मग माझं नाव येणार?”

“येणार. आणि एक लक्षात ठेव, एकदा सुरू केलंस की कोणी काही बोललं, हसलं, तरी थांबायचं नाही. शेवटपर्यंत म्हणायचं.”

“न्हाई थांबणार,” ती म्हणाली, आणि मला तिनं इतकं छान हसून दाखवलं की मीही हसले.

शुक्रवारी संध्याकाळी कार्बन घालून बसले. ‘आनंदाची बातमी: कु. सारजा गणपती शेळके ही आता वाचू लागली. आपल्या वर्गातील बावीसच्या बावीस मुले वाचतात.’ पाच वेळा लिहिलं. पहिल्या वेळी हात अडखळला. पाचव्या वेळी मी अक्षर वळणदार आलंय का ते बघत होते.

शनिवारी शाळा सुटताना वार्ता वाटली. सारजानं यादी वरून खाली मोजली, एकवीसनंतर एक बोट पुढं सरकवलं आणि त्या जागेवर नुसता हात फिरवत राहिली. मी तिच्या नावाची जागा तिला दाखवायला गेले तर म्हणाली, “कळलं मला. ह्ये नवं हाय ते.”

संध्याकाळी डेअरीवर मी जरा लवकरच गेले. गणपा, सारजाचा बाप, किटली घेऊन रांगेत होता. उंच, अबोल माणूस, डोक्याला कायम टॉवेल बांधलेला. इंदू बायकांच्या घोळक्यात होती आणि सारजा तिच्या मांडीला खेटून. पोरीनं त्या दिवशी केसांना लाल रिबिनी लावल्या होत्या.

आप्पांनी खुर्चीवर चढून घसा साफ केला. पाण्याची बातमी झाली, पडलेल्या दातांची झाली. मग ते थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “ऐका मंडळी. गणपाच्या सारजाचं नाव आलंय. बावीसच्या बावीस पोरं वाचाय लागली आपली.”

टाळ्या झाल्या. कुणीतरी गणपाच्या पाठीवर थाप मारली. तो हसला नाही, पण त्यानं किटली खाली ठेवली, टॉवेल सोडला आणि परत नीट बांधला. इंदूनं लांबून माझ्याकडं बघून हात जोडले. माझ्याइतकी भाग्यवान मास्तरीण तालुक्यात नाही असं मला त्या क्षणी वाटत होतं, हे कबूल करते.

“ए सारजे, हिकडं ये,” आप्पा म्हणाले. “वाचणारी घरचीच असताना मी कशाला घसा कोरडा करू? ऱ्हायलेलं तू वाच.”

लोकांनी वाट करून दिली. आप्पा खुर्चीवरून उतरले, तिला काखेत धरून वर उभं केलं आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं माझ्याकडं बघितलं.

मला बोलता आलं असतं. ‘राहू द्या आप्पा, लाजते ती,’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी विचार करत होते की ती लाजेल, गप्प उभी राहील, लोक हसतील आणि विषय मिटेल. म्हणजे तिच्या लाजण्यावर मी माझी अब्रू सोडून दिली होती. सारजा लाजली नाही. तिनं कागदावर बोट ठेवलं.

“टेकडीखाली एक कुंभार राहत होता.”

खणखणीत आवाज. लोक कौतुकानं ऐकू लागले. मी सांगितलं होतं तिथं ती थांबली, श्वास घेतला, बोट खाली आणलं.

“त्याच्याकडे एक गाढव होते. गाढवाचे नाव होते सोन्या.”

आप्पांनी मान वाकडी करून तिच्या हातातल्या कागदात बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तिचं बोट ‘घरी विचारा’च्या चौकोनावरून चाललं होतं. मागून एक पोरगं म्हणालं, “ह्यो तर कुंभाराचा धडा हाय.” एकजण फिसकन हसला. तिला ऐकू गेलं. ती थांबली नाही.

“रोज सकाळी कुंभार सोन्याला घेऊन चिखल तु... तुड... तुडवायला जाई.”

“आरं, कागदात गाढव कुठं हाय?” कोणीतरी म्हणालं.

“कागद धरून उभं हाय की,” दुसरा म्हणाला, आणि सगळी डेअरी हसली.

ती पुढं म्हणत राहिली. आवाज बारीक झाला होता, पण धडा तिनं पूर्ण केला, शेवटच्या वाक्यापर्यंत. मग कागद खाली घेतला आणि तशीच खुर्चीवर उभी राहिली.

गणपा पुढं आला. हसणारे बाजूला सरले.

“बाई,” तो मला म्हणाला, “ही काय भानगड हाय?”

तो रागावलेला नव्हता. खरंच विचारत होता. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. एक वाक्य बोलायचं होतं मला: चूक माझी आहे, तिला अजून वाचता येत नाही, मी पाठ करून घेतलं, उन्हाळ्यापर्यंत वाचेल. एवढंच. तोंडाशी आलंही असेल. पण सोमवारचे साहेब, गुरुजी, ती शाल, आणि डेअरीवरची ही सगळी माणसं जी मला ‘बाई, बाई’ करत उठून जागा द्यायची, ते सगळं माझ्या डोळ्यांपुढं येऊन उभं राहिलं.

“शाळेत नीट वाचते हो,” मी म्हटलं. “काल माझ्यासमोर अख्खं पान वाचलं. आज काय झालंय कुणास ठाऊक. नखरे करतेय.”

नखरे हा शब्द मी वापरला. आठ वर्षांच्या पोरीला.

गणपा तिच्याकडं वळला. “सारजे. खरं सांग. वाचाय येतंय का तुला?”

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघू शकले नाही, मी तिच्या रिबिनीकडं बघत होते.

“येतंय,” ती म्हणाली.

“मग ह्या कागदातलं वाच.”

“न्हाई वाचणार.”

“का?”

“मला न्हाई वाचायचं.”

“बाई म्हणत्यात ते खरं हाय म्हंजी? मुद्दाम केलंस?”

“व्हय.”

गणपानं तिला खुर्चीवरून खाली घेतलं. मारलं नाही. इंदू मध्ये पडायला आली तर तिला म्हणाला, “न्हाई येत म्हणाली असती तर ठेवली असती गं मी वर्सभर. शिकंल म्हणलं असतं. पर येतंय, आन् चारचौघांत बापाची टवाळी करतीया. हिला शाळा कशाला पायजे?”

आणि पोरीला मनगटाला धरून तो निघाला. किटली तिथंच राहिली. ती इंदूनं उचलली आणि त्यांच्यामागं गेली.

“मनाला लावून घेऊ नका, बाई,” आप्पा म्हणाले. “पोरंच ती.” त्यांनी माझ्या भांड्यात दूध घातलं. आप्पांना कळलं होतं असं मला आजही वाटतं. पण ते गावचे भले गृहस्थ होते, मास्तरणीला उघडं पाडायची त्यांची रीत नव्हती. मी घरी जाऊन दूध तापवलं, चहा केला, प्यायले.

रविवारी सकाळी मी निघाले होते, त्यांच्या घराकडंच निघाले होते. देवळापाशी एक बाई भेटली. “कुठं निघालासा बाई?” म्हणाली. मी म्हटलं, “कुठं नाही, सहज.” आणि सहज निघाल्यासारखं दाखवायचं म्हणून देवळात गेले, नमस्कार केला आणि परतले. एवढा सोमवार जाऊ दे, मग गणपाला सांगू, असं ठरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेवढ्यात एसटी येते आणि जाते, हे मी लक्षात घेतलं नाही.

सोमवारी प्रार्थनेच्या आधी इंदू आली. हातात दह्याचा डबा.

“काल दुपारच्या गाडीनं गेली,” ती म्हणाली. “ह्यांनीच नेऊन सोडली.”

मी हातातला खडू टेबलावर ठेवला.

“मी तुमची माफी मागाय आले, बाई.”

“माझी?”

“तुमी पोरीसाठी एवढं केलंसा. माझ्या शब्दासाठी कागदात नाव घातलंसा. आन् तिनं गावासमोर तुमचं नाक कापलं. घरी नेऊन मी लई मारलं तिला. हात दुखस्तोवर मारलं. म्हणलं, का केलंस सांग, का न्हाई वाचलंस सांग. एक सबूद काढला न्हाई कारटीनं.” तिचे डोळे भरून आले होते. “मला ठावं हाय, तिला नीट येत न्हाई. पर तुमी काल वाचलं म्हणालासा, म्हंजी काय तरी येतच असंल. मग एक-दोन वळी तरी वाचायच्या हुत्या, न्हाई का? तुमी राग धरू नगासा.”

अजूनही वेळ गेली नव्हती. इचलकरंजी काही विलायतेत नाही. मी त्या बाईला तिथंच सांगितलं असतं तर ती धावत घरी गेली असती, गणपा कुरकुरत का होईना दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन आला असता. बाहेर गुरुजी फाटकाशी हार घेऊन उभे होते. साहेबांची मोटरसायकल ओढ्यापलीकडं दिसत होती.

“नाही धरणार राग,” मी म्हटलं.

“पुढल्या वर्सी पाठवली त्यांनी, तर घ्याल न्हवं परत?”

“घेईन की.”

तिनं दह्याचा डबा पुढं केला, आणि मी तो घेतला.

साहेबांनी तपासणी छान केली. पाच-सहा पोरांना पानं वाचायला लावली, पोरं खरंच वाचली. पोरांत खोट नव्हतीच काही. शेवटी हजेरीपुस्तक उघडून त्यांनी विचारलं, “पट बावीस, हजर एकवीस?”

“एक मुलगी बाहेरगावी गेली साहेब, नातेवाइकांकडं,” गुरुजी म्हणाले. “कालच.”

“मग पटावर कशाला ठेवता? स्थलांतरित दाखवा.” त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी रेघ मारली. पट्टी घेऊन मारली, सवयीनं.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. सत्कार झाला, शालही मिळाली. उन्हाळ्यात मी बदली मागून घेतली आणि पुन्हा कुठल्याच शाळेत वर्गवार्ता काढली नाही. सारजा तांबजाईला परत शाळेत आली नाही, एवढं मला आप्पांच्या एका पत्रातून कळलं होतं. पत्राला मी उत्तर पाठवलं नाही. पण बदली व्हायच्या आधीचा एक शनिवार सांगायचा राहिला. तोच मी आजवर कुणाला सांगितला नाही.

तपासणीच्या आठवड्यातला शनिवार. वर्गवार्ता तर काढायलाच हवी होती, तालुक्याला नमुना जायचा होता. शुक्रवारी मी कार्बन घालून बसले आणि शेवटी लिहिलं, ‘आपल्या वर्गातील सर्व मुले वाचतात.’ खाली यादी, एकवीस नावं. पुन्हा पुन्हा तपासून बघितलं. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात.

आप्पांनी ते खुर्चीवर उभं राहून वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गणपा आला नव्हता. दूध घालायला इंदू आली होती. टाळ्या थांबल्यावर ती गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही काही बोलणार, चारचौघांत बोलणार, आणि खरं सांगते, बोलली असती तर मी तिचे पाय धरले असते.

“लई चांगलं झालं, बाई,” ती म्हणाली. “एका माझ्याच पोरीपायी अडलं हुतं तुमचं.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं माझ्या भांड्याकडं बघितलं, ते रिकामं होतं, आणि आपल्या किटलीतलं दूध त्यात ओतलं.